आधी रोप लावून घे, मग मशीहाला भेटायला जा

हातात रोप आहे, खड्डा खणून झालाय, आणि तेवढ्यात कोणीतरी धावत येतं की अरे चल लवकर, मशीहा आला! तर काय करायचं? ज्यू परंपरेतलं एक जुनं वचन सांगतं की आधी रोप लावून घे आणि मग जा त्याच्या स्वागताला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं, कारण ज्या तारणहाराची शेकडो वर्षं वाट बघायची, रोजच्या प्रार्थनेत दिवसातून तीनदा ज्याच्यासाठी मागणं मागायचं, तो अखेर आला अशी खबर मिळाल्यावर म्हणायचं काय, तर थांबा जरा, माती दाबून येते.

मराठी माणसाला इथे पुंडलिक आठवणारच. आईबापांचे पाय चेपतोय, देव दारात आलाय, आणि हा मागे न बघता वीट फेकतो की उभा राहा हिच्यावर, माझं काम व्हायचंय. पण एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पुंडलिकाकडे खुद्द देव आलेला असतो. इथे आलेली असते ती फक्त बातमी. आणि हे वचन ज्यांच्या नावावर आहे त्या रब्बान योहानान बेन झक्काई यांचा (रब्बान, रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडित) अशा बातम्यांवर फारसा भरवसा नसणार, त्यांनी जे बघितलं होतं ते बघता.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. त्याआधी वेढा पडलेला, शहरात उपासमार, आणि आतले कट्टर लोक कोणाला बाहेर पडू देत नव्हते, कारण देव आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर तह कशाला करायचा. तालमुद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा आणि कथांचा जुना मोठा ग्रंथ, त्यात गोष्ट आहे की बेन झक्काईंच्या शिष्यांनी त्यांना मेल्याचं नाटक करून तिरडीवरून शहराबाहेर काढलं, आणि ते थेट रोमन सेनापती वेस्पासियनसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी मागितलं काय? जेरुसलेम नाही मागितलं, मंदिर नाही मागितलं. म्हणाले, यावने हे गाव आणि तिथले विद्वान मला दे. बस. पुढच्या पिढ्यांमध्ये यावरून त्यांच्यावर टीकाही झाली की अहो, एवढी संधी होती तर मंदिरच वाचवायचं ना. पण मंदिर गेल्यावर ज्यू धर्म जो टिकला तो यावनेत टिकला, हे खरं आहे.

मग एकदा ते रब्बी यहोशुआबरोबर जेरुसलेमहून निघालेत आणि मागे मंदिराचे जळके अवशेष दिसतायत. यहोशुआ कळवळून म्हणतात, आपली पापं जिथे धुतली जायची ती जागाच गेली की हो. कारण तोपर्यंत सगळा हिशोब बळी, अर्पण, पुरोहित यांचा होता, आणि आता वेदीच नाही तर प्रायश्चित्त घ्यायचं कुठे? बेन झक्काई म्हणतात, बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. तेवढ्याच तोलाचं दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, माणसांशी मायेने वागणं. आणि होशेया संदेष्ट्याचं वाक्य ऐकवतात, की मला दया हवी, यज्ञबळी नकोत.

हे वाचायला छान वाटतं, पोस्टर करून भिंतीवर लावण्यासारखं, पण त्या माणसांनी ते पोस्टरवर सोडलं नाही हा खरा मुद्दा. त्यांनी बसून त्याचा तपशील ठरवला. आजाऱ्याला भेटायला जाणं, गरीब मुलीचं लग्न लावून देणं, शोक असलेल्या घरी जाऊन बसणं, मेलेल्याला मूठमाती देणं. मग त्यात वाद घातला की दानधर्म मोठा की ही मायेची कामं मोठी, आणि उत्तर काढलं की ही कामं तीन बाबतीत मोठी. दान पैशाने होतं, ही पैशाने आणि अंगमेहनतीने, दोन्हीने. दान गरिबाला देता येतं, ही गरीब-श्रीमंत दोघांनाही. आणि दान जिवंत माणसालाच देता येतं, ही मेलेल्यासाठीही करता येतात. यातली शेवटची गोष्ट तर ते सगळ्यात खरी माया मानतात, कारण मेलेला माणूस परतफेड करणार नाही. आजही ज्यू समाजात प्रेताला आंघोळ घालणाऱ्या, कफन नेसवणाऱ्या लोकांचं मंडळ असतं, बायकांना बायका आणि पुरुषांना पुरुष, आणि हे काम करणारे गाजावाजा न करता करतात. तिथे माणसाला झाकून ठेवतात, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करतात, अंगावरून एकमेकांकडे वस्तू देत नाहीत, आणि सगळं झाल्यावर त्या मृताचं नाव घेऊन त्याची माफी मागतात, चुकून काही अवमान झाला असेल तर म्हणून. मला हे सगळ्यात जास्त भिडलं. माफी मागायची, आणि ती कोणाची, तर ज्याला ऐकू येत नाही त्याची.

आता मशीहा. तो कधी येणार या प्रश्नावर तालमुदच्या सान्हेद्रिन नावाच्या भागात पानंच्या पानं भांडण आहे, आणि भांडण म्हणजे खरंच भांडण, कोणी कोणाचं ऐकत नाही. रब्बी एलिएझर म्हणतात लोकांनी पश्चात्ताप केला तरच सुटका, नाहीतर नाही. रब्बी यहोशुआ म्हणतात, असं कसं, देवाने शब्द दिलाय, तो येणारच. दोघं एकमेकांवर धर्मग्रंथातली वचनं फेकतात आणि शेवटी एलिएझर गप्प होतात. दुसरे एक जण म्हणतात, तो अशा पिढीत येईल जी सगळीच्या सगळी पुण्यवान असेल, किंवा सगळीच्या सगळी बिघडलेली असेल. (आपण दुसऱ्या ऑप्शनच्या जास्त जवळ आहोत असं रोज सकाळी पेपर वाचताना वाटतं, पण ते प्रत्येकच पिढीला वाटत आलं असणार.) कोणी यशाया संदेष्ट्याच्या एका ओळीतली विसंगती पकडतं. तिथे देव म्हणतो की मी हे त्याच्या वेळेवर आणि लवकर घडवून आणीन. आता वेळेवर की लवकर, नक्की काय? उत्तर असं, की लायक ठरलात तर लवकर, नाही ठरलात तर वेळेवर.

आणि मग राव नावाचे मोठे गुरू एक वाक्य टाकतात, ज्याच्यावर माझा जीव आहे. ते म्हणतात, सगळ्या तारखा होऊन गेल्या, आता सगळं फक्त पश्चात्तापावर आणि चांगल्या कामांवर अवलंबून आहे. लोकांनी बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथातले आकडे जुळवून, बेरजा-वजाबाक्या करून तारखा काढल्या होत्या, त्या आल्या आणि गेल्या, काही झालं नाही. म्हणून त्याच पानावर शापही आहे, शेवटाचा हिशोब मांडणाऱ्यांची हाडं फुटोत म्हणून! कारण तारीख चुकली की लोक म्हणतात आता तो येणारच नाही. इतका चिडका शाप आहे की वाटतं, तो देणाऱ्याने तारखेवर विश्वास ठेवून बसलेली आणि मग पार कोसळलेली माणसं जवळून बघितली असणार.

पण रावच्या पुढच्याच ओळीत त्यांचे समकालीन श्मुएल म्हणतात, शोक करणाऱ्याने शोकात टिकून राहिलं तेवढं पुरे आहे. म्हणजे चांगली कामं वगैरे राहू द्या हो, एवढी वर्षं मार खाऊन जिवंत राहिले हेच पुष्कळ झालं. तालमुद या दोघांमध्ये निकाल देत नाही. मला विचाराल तर मी एरवी रावच्या बाजूची, पण काही दिवस असे असतात की श्मुएलच बरोबर वाटतात. ज्या माणसाचं सगळं गेलंय त्याला तू अजून दोन पुण्यकर्मं कर मग बघू, असं सांगणं क्रूर आहे, आणि सगळेच धर्म कधी ना कधी ते सांगतात.

याच भागात पुढे ती गोष्ट येते. रब्बी यहोशुआ बेन लेवी (हे वेगळे यहोशुआ) यांना एलियाहू संदेष्टा भेटतो, गुहेच्या तोंडाशी. हा एलियाहू म्हणजे बायबलमध्ये अग्निरथातून जिवंत स्वर्गात गेलेला, तो मेलेलाच नाही, त्यामुळे तो कथांमध्ये कुठेही कोणालाही भेटू शकतो, आणि मशीहाच्या आधी येऊन वर्दी देण्याचं काम त्याचंच. यहोशुआ विचारतात, मशीहा कधी येणार? एलियाहू म्हणतो, जा की, त्यालाच विचार. कुठे असतो तो? रोमच्या वेशीवर. ओळखायचा कसा? रोगी भिकाऱ्यांमध्ये बसलेला असतो. बाकीचे सगळे आपल्या जखमांच्या सगळ्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो एकच पट्टी सोडतो, जखम साफ करतो, ती बांधतो, आणि मग दुसरी सोडतो. का? तर न जाणो कधीही बोलावणं आलं तर उशीर व्हायला नको.

हे इतकं बारीक निरीक्षण आहे की कोणीतरी प्रत्यक्ष रोग्यांच्या रांगेत बसून ते केलं असणार असं वाटतं. जगाचा तारणहार राजवाड्यात नाही, साम्राज्याच्या राजधानीच्या दारात, घाणीत बसलाय, स्वतःच जखमी आहे, आणि त्याची तयारी म्हणजे काय तर पट्ट्या बदलायची पद्धत. यहोशुआ जाऊन विचारतात, महाराज कधी येणार? तो म्हणतो, आज. दिवस जातो, कोणी येत नाही. यहोशुआ परत एलियाहूकडे तक्रार घेऊन जातात की खोटं बोलला तो माझ्याशी. एलियाहू म्हणतो, अरे, त्याने स्तोत्रातली ओळ सांगितली तुला: आज, जर तुम्ही त्याचा आवाज ऐकाल तर.

पण या आशेची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख नुसता गोड होईल. सन १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध उठाव केला आणि रब्बी अकिवा, म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा विद्वान, म्हणाला हाच तो मशीहा राजा. दुसरा एक रब्बी त्याला तोंडावर म्हणाला, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र (म्हणजे मशीहा) आलेला नसेल. १३५ पर्यंत उठाव चिरडला गेला, माणसांची अपरिमित हानी झाली. मग कितीतरी शतकांनी, १६६५ मध्ये, इझमिरच्या शाब्बताई झेवीचं प्रकरण उभं राहिलं. गाझाच्या नाथान नावाच्या तरुणाने जाहीर केलं की हाच मशीहा, आणि येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत लोक वेडे झाले. घरं विकली, धंदे सोडले, उपास, प्रायश्चित्तं, रस्त्यांवर नाच. हॅम्बुर्गच्या ग्लिकल नावाच्या बाईने पुढे आपल्या मुलांसाठी आठवणी लिहिल्या त्यात एक तपशील आहे, तो माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या सासऱ्यांनी आपलं राहतं घर-गाव सोडलं आणि हॅम्बुर्गला तिच्याकडे मोठाली पिंपं पाठवून दिली. आत कापडचोपड, वाटाणे, कडधान्य, सुकवलेलं मटण, सुकवलेली फळं, जे जे टिकतं ते सगळं. कारण म्हाताऱ्याला वाटत होतं की कधीही निरोप येईल आणि हॅम्बुर्गच्या बंदरातून जहाजाने पवित्र भूमीला निघायचं. पिंपं पडून राहिली. वर्ष उलटलं, मटण सडायला लागेल आणि कापड खराब होईल म्हणून सासऱ्यांचं पत्र आलं की खाण्याचे जिन्नस काढून घ्या. कापडाची पिंपं मात्र त्यानंतरही तशीच ठेवली, जवळपास तीन वर्षं. शाब्बताई झेवीने तर १६६६ सालीच सुलतानासमोर पगडी घालून इस्लाम स्वीकारला होता.

मला त्या सासऱ्यांवर हसता येत नाही. नुसतं धान्य भरणारा लोभी नव्हे हा, आयुष्यभराची प्रार्थना खरी मानणारा माणूस आहे. पण बेन झक्काईंचं रोप का आधी, ते या पिंपांजवळ येऊन कळतं. रोप लावलं असेल तर बातमी खोटी ठरली तरी झाड राहतं. त्या पिंपांचं तसं नव्हतं. आणि शाब्बताईचे काही अनुयायी तर याच्याही पुढे गेले, त्यांनी ठरवलं की मशीहाने धर्म सोडला म्हणजे पाप करूनच सुटका होणार, आणि मग नियम मोडणं हेच व्रत झालं. चांगलं काम आणि सुटका यांच्यातला धागा तुटला की काय होतं याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

या सगळ्या तापलेल्या डोक्यांमध्ये एक थंड डोक्याचा माणूस म्हणजे मायमोनिडिस, ज्यू लोक त्यांना रामबाम म्हणतात. जन्म स्पेनमधल्या कोर्डोबात, उत्तरायुष्य इजिप्तमध्ये, पेशाने वैद्य, निधन १२०४. आपला यांच्याशी एक दुःखद संबंध आहे. त्यांचा धाकटा भाऊ दाविद जवाहिऱ्या होता, घर त्याच्या व्यापारावर चालायचं, आणि तो व्यापारासाठी निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला. रामबामनी पुढे एका पत्रात लिहिलंय की ते त्यानंतर वर्षभर अंथरुणाला खिळून होते. हा माणूस लिहितो की मशीहाने चमत्कार केलेच पाहिजेत असं काही नाही, मेलेल्यांना उठवायची गरज नाही, जगाची रीत आहे तशीच चालेल, फक्त कोणी कोणाचा गुलाम राहणार नाही आणि माणसांना शिकायला सवड मिळेल. ज्ञानी लोक मशीहाच्या दिवसांची आस धरतात ती जगावर राज्य करायला नाही, खाऊनपिऊन मजा करायला नाही. सवड मिळावी म्हणून! दिवसभर सुलतानाच्या दरबारात आणि संध्याकाळी घरी रोग्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं स्वप्न आहे हे, हे लक्षात घ्या.

त्यांनीच दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात. सगळ्यात खाली, कुरकुरत देणारा. मग हसून पण कमी देणारा, मागितल्यावर देणारा, न मागता देणारा, असं करत करत वर, जिथे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. पण त्याच्याही वर, सगळ्यात वरची पायरी म्हणजे त्याला कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं, म्हणजे त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला वाक्य आहे की इस्राएलची सुटका दानधर्मानेच होईल. आणि पश्चात्तापाच्या नियमांत ते सांगतात की माणसाने वर्षभर स्वतःकडे असं बघावं की आपलं अर्धं पुण्य, अर्धं पाप, आणि जगाचंही तसंच, अर्धं-अर्धं. एक चांगलं काम केलं तर स्वतःचं आणि सगळ्या जगाचं पारडं झुकेल. हे अर्थातच गणित म्हणून खरं असू शकत नाही, अब्जावधी माणसांचा तराजू बरोबर माझ्याच वेळी समतोल कसा असेल? पण वागायचं मात्र तसं. मला वाटतं की मशीहा कधी येणार या प्रश्नाचं याहून उपयोगी उत्तर कोणी दिलेलं नाही, कारण यात तारीख नाही आणि पुढे ढकलायला जागाही नाही.

याच रामबामनी दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या ज्यूंचा एक ओझरता उल्लेख आहे, की त्यांना लिखित तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) माहीत नाही, फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता तेवढी ते पाळतात. अभ्यासक हे बहुतेक आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांबद्दल असावं असं धरतात. नवगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ बुडाले, ही त्यांची कथा रायगडात सगळ्यांना ठाऊक असते. तेलाच्या घाण्या चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. जेरुसलेमच्या नाशाच्या स्मरणाचा जो उपास जगभरचे ज्यू करतात, तो यांच्याकडे बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर.

आमच्या ठाण्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक बेने इस्राएल कुटुंब होतं, त्यांच्याकडे मलिदा असला की काकू आम्हाला हाक मारायच्या. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे, भोवती केळी, सफरचंद, खजूर, आणि एक गुलाब. एलियाहू हन्नाबीचं गाणं हिब्रूत आणि मधेमधे गप्पा मराठीत. "मलिदा घेतल्याशिवाय जायचं नाही हां," असा दम. एलियाहू म्हणजे तोच, मशीहाची वर्दी देणारा. कोकणात त्याला नवस बोलतात, मूल होऊ दे, नोकरी लागू दे, व्हिसा मिळू दे, आणि नवस फेडायचा मलिद्याने. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाची आणि घोड्याची खूण आहे म्हणतात, स्वर्गात जाताना तो तिथून गेला. कॉलेजात असताना मी जरा शहाणपणाने काकूंना विचारलं होतं की काकू, तुमचा मशीहा कधी येणार हो? त्या म्हणाल्या, "ते मोठ्या लोकांचं गं. आमचा एलियाहू हाक मारली की येतो." राजाची वाट बघत बसण्यापेक्षा निरोप्याशीच घरोबा केलेला बरा, असं काहीतरी त्यात आहे, आणि ते कुठल्या रब्बीने शिकवलेलं नाही, ते कोकणातून आलंय.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. कित्येकांच्या मनात ते नुसतं स्थलांतर नव्हतं, विखुरलेले एकत्र येतील हे भविष्य खरं होण्यातला आपला वाटा होता. आणि तिथे पोहोचल्यावर १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने सांगितलं की बेने इस्राएलांची लग्नं लावताना आधी वंशावळ तपासा, हे पूर्ण ज्यू आहेत का याची खात्री करा. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या माणसांना हे ऐकवलं! त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं, १९६४ मध्ये संसद आणि सरकार त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. सुटकेच्या भूमीतही माणसाला दारात उभं करून कागद मागता येतात.

म्हणून सुटका घाईने आणायला निघालेल्यांची मला जरा धास्तीच वाटते, जमिनीचे तुकडे ताब्यात घेतले की मशीहाचं पाऊल जवळ येतं असं मानणाऱ्यांची तर फारच. न्यूयॉर्कच्या खबाद पंथाच्या रब्बी श्नेयरसननी मात्र घाईचा मार्ग वेगळा सांगितला, एक एक चांगलं काम, रस्त्यावर भेटेल त्या ज्यू माणसाकडून एक. त्यांच्या काही अनुयायांनी पुढे त्यांनाच मशीहा ठरवलं आणि १९९४ मध्ये ते गेल्यावरही ते मानायचं सोडलं नाही, म्हणजे जुना रोग परत आलाच. पण मुंबईत नरिमन हाऊस त्यांच्याच लोकांचं, येईल त्या प्रवाशाला शुक्रवारी रात्री जेवू घालणारं घर, आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे जे झालं त्यानंतर त्या पंथाने जगभरच्या लोकांना काय सांगितलं, तर तिथे मारल्या गेलेल्यांच्या नावाने एक चांगलं काम करा. ते घर २०१४ मध्ये पुन्हा उघडलं.

जेरुसलेमचा म्हणून एक वेगळा तालमुद आहे, त्यात मशीहाच्या जन्माची एक गोष्ट आहे. एक ज्यू नांगर धरून शेतात आहे, त्याचा बैल हंबरतो. वाटेने जाणारा एक अरब म्हणतो, बैल सोड बाबा, तुमचं मंदिर पडलं. बैल दुसऱ्यांदा हंबरतो. तो म्हणतो, जुंप आता, तुमचा मशीहा जन्मला. बेथलेहेममध्ये, नाव मेनाहेम. शेतकरी बैल विकतो, नांगर विकतो, आणि तान्ह्या बाळांची दुपटी विकणारा फेरीवाला होतो, गावोगाव फिरत बेथलेहेमला पोहोचतो. सगळ्या बायका दुपटी घेतात, मेनाहेमची आई घेत नाही. ती म्हणते ह्याच्या जन्माच्या दिवशी मंदिर पडलं, काय लाड करू ह्याचे, आणि माझ्याकडे पैसेही नाहीत. फेरीवाला म्हणतो, असू दे गं, घेऊन ठेव, आज नसतील तर नंतर येऊन नेईन. पुढे तो परत येतो तेव्हा बाळ वाऱ्या-वादळाने उचलून नेलेलं असतं, आणि गोष्ट तिथे संपते. त्या दुपट्याचे पैसे मिळाले की नाही ते लिहिलेलं नाही. मशीहाला या जगाने दिलेली पहिली वस्तू उधारीवर दिलेली होती, आणि देणारा सगळं विकून आलेला होता.

शेवटी परत सान्हेद्रिनमध्ये जाते, कारण तिथले तीन जण मला सोडत नाहीत. मशीहा येण्याआधी जगाला प्रसूतीच्या कळा येतील, युद्धं, दुष्काळ, मुलं बापाचा अपमान करतील, असं वर्णन झालंय. त्यावर उल्ला म्हणतो, तो येऊ दे, पण मला बघायला लागू नये. राब्बा म्हणतो, माझंही तेच. त्यांचा शिष्य अब्बाय राब्बाला विचारतो की गुरुजी, असं का? या कळांपासून वाचायचा उपाय तर सांगितलाय की, तोरा शिका आणि मायेची कामं करा, आणि तुम्ही तर दोन्ही करता. राब्बा म्हणतो, हो, पण काय सांगावं, एखादं पाप आडवं यायचं. एवढा मोठा माणूस, आयुष्यभर चांगलं वागलेला, पण केलेल्या पुण्याची पावती दाखवून आत सोडा म्हणायला तयार नाही. आणि राव योसेफ, जो आंधळा होता, तो म्हणतो, येऊ दे त्याला, आणि त्याच्या गाढवाच्या शेणाच्या सावलीत बसायचं भाग्य मला मिळू दे. मी अजून राब्बाच्या गटात आहे, राव योसेफइतकी हौस माझ्यात नाही.